कुचेरांचं सुतक

अहो, तेरावा झाला. मांडववाला ताडपत्री सोडून घेऊन गेला, दादा-वहिनी सणसरला परतले आणि कालपासून या घरात मी आणि तुमचा तो कॉम्प्युटर एवढेच राहिलोय. तो घरघर करत बसतो, मी शिवणाच्या मशीनपुढं बसते. शेजारच्या काकू दोनदा डोकावून गेल्या. बाई रडत कशी नाही, याची त्यांना काळजी. रडले की! पण रडणं काय दिवसभर पुरतं होय? लग्नसराई तोंडावर आलीय, कापडाचा ढीग पडलाय, आणि ज्यांचे ब्लाऊज आहेत त्या बायका दारात येऊन नुसत्याच घुटमळतात, विचारायला लाजतात.

तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच आहे. आज दुपारी एक गोष्ट घडली. एवढी मोठी गोष्ट, आणि सांगायला घरात माणूस नाही. तुम्ही असतात तर धावत येऊन एका दमात सांगितली असती, आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "मंगल, दम खा. पहिल्यापासून नीट सांग." फोरमनकी घरातसुद्धा सुटली नाही तुमची. बरं तर, नीट पहिल्यापासून सांगते. लिहून सांगते, म्हणजे मधेच तोडता येणार नाही.

तुम्ही आमच्या सणसरच्या घरी मला बघायला आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. ऊसतोड चालली होती, अंगणात पाचटाचा वास होता. अण्णांनी तुमचं सगळं विचारून घेतलं. कारखान्यात नोकरी कायम, दारू नाही, तंबाखू नाही. पोरगा पसंत होता. पण आडनावापाशी गाडी अडायची. कुचेरा. तुमचे घारे डोळे बघून माणसं कोकणस्थ समजायची आणि आडनाव ऐकून मारवाडी. बारामतीच्या बाजारातला तो कापडवाला कायम विचारायचा, "राजस्थानात कुठले तुम्ही?" आणि तुम्ही शांतपणे सांगायचात, "इंदापूर तालुका."

अण्णांनी शेवटी खाकरून विचारलंच. "बाकी समदं ठीक हाय. पण तुमचं देवक काय?"

आमच्यात लग्नाच्या मांडवात आधी देवक बसतं. कुणाची कळंबाची डहाळी, कुणाची वडाची, आमचं पंचपल्लव. माणसाचं कूळ त्यावरून कळतं. आता ज्याचा आजा परदेशातून येऊन बोटीतून उतरला, त्याचं देवक कुठलं असणार? मी दाराआड उभी. मला वाटलं, मोडतंय आता. तर तुम्ही शर्टाच्या खिशातून एक लाल फडकं काढलंत, उलगडलंत आणि अण्णांच्या पुढ्यात पितळेचं एक पान ठेवलंत. तळहाताएवढं.

"जावईबापू, देवक खिशात घालून हिंडता व्हय?" अण्णा हसले.

"अण्णा, कूळ विचारलं की दाखवायला आमच्याकडं एवढंच हाय."

अण्णांनी पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं. मग म्हणाले, "बास हाय एवढं." तुम्हाला कधी बोलले नाही, पण मी तेव्हाच मनात हो म्हणून टाकलं होतं. तुमच्या नोकरीला नाही, घाऱ्या डोळ्यांना तर नाहीच. तुम्ही ते "एवढंच हाय" कसलीही लाज न बाळगता म्हणालात, त्याला.

त्या पानाची गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली. तुमचे आजोबा, जोसेफआबा, चेकोस्लोव्हाकियातून आले. साखर कारखान्याची यंत्रं तिकडून बोटीनं आली आणि ती बसवायला हा माणूस त्यांच्यामागं आला. यंत्रं बसली, तसा तोही इथंच बसला. युद्ध लागलं, परतीच्या बोटी राहिल्या, आणि तोवर कळंब गावच्या गोदाआजीशी सूत जमलं होतं. लग्नाच्या वेळी आजीच्या माहेरच्यांनी विचारलं, "सायेब, तुमचं देवक?" त्यांना शब्द कळेना. मग कुणीतरी हातवारे करून विचारलं, तुमचं घर, तुमचा बाप, तुमच्या घराची खूण. आबा उठले आणि पेटीतून हे पान घेऊन आले. बघणाऱ्यांनी ठरवून टाकलं, पिंपळ! सायबाचं देवक पिंपळ! सायेब कारखान्यातला कारागीर, त्यानं वर्कशॉपात बसून स्वतःच्या हातानं घडवलं असणार, हेही त्यांनीच ठरवलं. तिथून कुचेरांचं देवक पिंपळ झालं. आपल्या लग्नात मांडवाच्या मेढीला पिंपळाची डहाळी बांधली, आठवतंय ना?

आबा लवकर गेले. तुमचे वडील तेव्हा शाळेत होते. पेटी वाळवीनं खाल्ली. गावाचं नाव आबा सांगायचे म्हणे, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. उरलं काय, तर आडनाव आणि पान.

सासूबाई गेल्या आणि घर अगदीच मोकळं झालं. आपल्याला मूलबाळ झालं नाही. त्याचं जे रडायचं ते आपण रडून घेतलं, आता ते उगाळत नाही. पण सणावारी मैत्रिणी माझ्या शिवणाच्या दुकानात बसून सासरच्यांच्या नावानं बोटं मोडायच्या, तेव्हा मी गप्प बसायचे. मला बोटं मोडायलाही सासरचं कुणी नव्हतं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणायचात, "माझ्या नावानं मोड." ते मी केलंच म्हणा.

रिटायर झालात आणि तुम्हाला हे खूळ लागलं. लोक रिटायर झाल्यावर बाग करतात, देवदर्शनाला जातात. तुम्ही जुना कॉम्प्युटर आणलात आणि चेकमधले कुचेरा शोधायला लागलात. मला वाटलं, जगावेगळं आडनाव आहे, चारदोन घरं असतील, सापडतील. कसलं काय! तिकडं कुचेरा म्हणजे आपल्याकडचे जाधव. दगड भिरकावला तर कुचेरालाच लागायचा. दातांचा डॉक्टर कुचेरा, बेकरीवाला कुचेरा, बस ड्रायव्हर कुचेरा. तुम्ही एकेकाचा पत्ता काढून इंग्रजीत मेल लिहायचात आणि मला वाचून दाखवायचात. माझे आजोबा जोसेफ, साखरेची यंत्रं बसवायला भारतात आले, आमच्या घराण्याचं झाड पिंपळ, आपल्या घरापुढं पिंपळ होता का?

बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकानं विचारलं, तुम्हाला नेमकं काय विकायचंय? एका भल्या बाईनं कळवलं, इथं एवढी थंडी असते की पिंपळ जगणार नाही, क्षमस्व. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मी म्हटलं, "अहो, बाई खरं बोलतेय. बर्फात पिंपळ कुठला? तुमचं हे पान पिंपळाचं नाहीच मुळी. पिंपळाच्या पानाला शेपूट असतं लांब. ह्याला शेपूट नाही, आणि कडेला सगळे दातरे आहेत."

"आबांची कानस घसरली असंल," तुम्ही म्हणालात.

"सगळीकडून सारखी घसरली? काय पण कानस!"

"तुला काय कळतंय पितळकामातलं?"

"नसू द्या कळत. फोटो काढा आणि पाठवा. ज्याचं असेल तो ओळखेल."

इथं आपलं खरं भांडण. तुम्ही देव्हाऱ्याकडं बघितलंत आणि आवाज चढवलात. देवक असं चव्हाट्यावर मांडायचं नसतं. मांडवापुरतं बाहेर काढायचं, पूजा करायची आणि झाकून ठेवायचं. "कुळाची लाज असती ती. जगाला फोटो वाटायला काय साखरपुडा हाय?" मी कपाळाला हात लावला. ज्या माणसाच्या आज्याला देवक हा शब्द माहीत नव्हता, तो माणूस सणसरच्या पाटलापेक्षा कडक देवक पाळतोय! तुम्ही हट्टानं आमच्याहून जास्त आमचे झाला होतात. फोटो काही पाठवला नाहीत. मीही नाद सोडला.

मग ते दुसरं भांडण झालं. ते मिटलं नाही आणि आता मिटायला तुम्ही नाही. संध्याकाळ होती, मी हूक लावत बसले होते. तुम्ही कॉम्प्युटर बंद केलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "हितं म्या शेवटचा. माझ्यामागं कुचेरा कुणीच न्हाई."

माझ्या हातातली सुई थांबली. "मग मी कोण?"

"तुझी गोष्ट येगळी, मंगल."

"काय वेगळी?"

"तू मूळची सणसरची."

अहो, मी पेटले. दुकानाच्या पाटीवर कुचेरा, रेशनकार्डावर कुचेरा, गॅसच्या पुस्तकावर कुचेरा. बँकेत, दवाखान्यात, जिथं तिथं 'कुचेरा म्हणजे कोण?' याची पारायणं मी केलेली. जन्म गेला ते आडनाव लोकांना समजावण्यात, आणि मी सणसरची? मी म्हटलं, "मी काय या आडनावात भाड्यानं राहतेय?" तुम्ही नुसतंच चष्म्याची काच पुसत बसलात. दोन-चार दिवस आपण बोललो नाही. मग गॅस संपला, तुम्ही विचारलंत, "नंबर लावू का?" मी "लावा" म्हटलं आणि बोलणं सुरू झालं. नवराबायकोचं असंच असतं, गॅसवाचून सगळ्यांचंच अडतं. पण माझ्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलं नाही. मी वाट बघत होते. आज देतील, उद्या देतील. आणि तुम्ही एका सकाळी चहाचा कप हातात धरूनच निघून गेलात. पाणीसुद्धा मागितलं नाहीत.

मला तुमचा राग आलाय, हे सांगून टाकते. लोकांना वाटतं मेलेल्या माणसावर रागवू नये. मी रागवणार.

तिसऱ्या दिवशी नीरेच्या काठी सावडायला गेलो. राख गोळा करताना आमच्याकडचे एक म्हातारे तात्या दादाला विचारायला लागले, "ह्यांच्या भावकीतलं कोण आलंय?"

"भावकी न्हाय त्यांना," दादा म्हणाला.

"असं कसं? भावकी नसलेला माणूस असतो व्हय? मग सुतक कुणाला?"

दादानं माझ्याकडं बघितलं. "हिला एकटीला."

तात्यांना वाईट म्हणायचं नव्हतं, खरंच काळजीनं विचारत होते. पण मला ते लागलं. आमचे अण्णा गेले तेव्हा मी बघितलंय, निम्म्या सणसरला सुतक होतं. आळीच्या आळी दाढी न करता फिरत होती. कुणाच्या देवाला फूल नाही, कुणाच्या घरात गोड नाही. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात केस चालू होती, तोसुद्धा दहा दिवस देवळाची पायरी चढला नाही. माणूस गेल्याची खूण गावभर असायची. आणि तुम्ही गेलात तर बारामतीत सगळं चालू. समोरच्या बंगल्यात वाढदिवसाचा केक कापला. त्यांची काय चूक? ते थोडेच कुचेरा? सुतक मला एकटीला. एकटीनं सुतक धरणं म्हणजे काय असतं, तुम्हाला सांगू? आपण देवाला दिवा लावत नाही आणि ते कुणाला कळतसुद्धा नाही.

घरी आले आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, भावकी नाही काय? एवढे कुचेरा पडलेत तिकडं, दगड मारला तर लागतोय, आणि माझ्या माणसाचं सुतक कुणाला नाही? भाऊबंदांना कळवायची रीत असते. मग कळवायचं. आपल्याकडं मयताचा निरोप सगळ्या भावकीला जातो, कोण जवळचा कोण लांबचा हे बघत बसत नाहीत.

तुमचाच मोबाईल घेतला. मराठीत बोललं की तो दुसऱ्या भाषेत करून देतो, हे तुम्हीच मला शिकवलेलं. मी बोलले. आमच्या घरचे कुचेरा वारले. तुम्ही भावकीतले असाल तर सुतक धरा. दहा दिवस देवाला फूल घालू नका, घरात गोडधोड करू नका, पुरुषांनी दाढी करू नये. भावकीतले नसाल तर सोडून द्या, राग मानू नका. सोबत आमच्या देवकाचा फोटो आणि हा मोबाईल नंबर आहे. कळावे, मंगल कुचेरा.

हो, फोटो काढला. देव्हाऱ्यातनं फडकं काढलं, पान खिडकीतल्या उजेडात ठेवलं आणि काढला. सुतकात देव्हाऱ्याला हात लावला, देवक उघडं केलं, सगळंच मोडलं. तुम्ही ज्यांना ज्यांना आजवर लिहिलं होतंत त्या सगळ्यांना तो निरोप पाठवून दिला, डॉक्टरला, बेकरीवाल्याला, त्या भल्या बाईला. वहिनी म्हणाली, "वन्सं, परक्या देशातल्या लोकांना सुतक धरायला सांगता? खुळ्या झालात का?" मी म्हटलं, "व्हय."

दहाव्याला गुरुजींनी गोत्र विचारलं. दादानं सांगितलं, माहीत नाही. गुरुजी म्हणाले, "ज्याचं माहीत नाही त्याचं कश्यप." मग वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. जोसेफ म्हणताना गुरुजी जरा अडखळले, पण म्हणाले नीट. मग पणजोबांचं विचारलं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजी चांगले, त्यांनी "राहू द्या, चालतं" म्हणून विधी पुढं नेला. पण मला ते "चालतं" सहन झालं नाही. तुम्ही एवढी वर्षं त्या एका नावासाठी डोळे फोडून घेतले होते.

आता आजची गोष्ट. दुपारी जेवून मशीनवर बसले होते. तुमचा मोबाईल वाजला, व्हिडिओ कॉल, परदेशातला नंबर. मी कट केला. बारामतीत रोज कुणी ना कुणी असल्या फोनला फसतंय. परत वाजला, परत कट केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा वैतागून घेतला, म्हटलं दोन शिव्याच घालते.

पडद्यावर म्हातारी बाई. कापसासारखे पांढरे, बारीक कापलेले केस, अंगात स्वेटर. तिनं सरळ फोन फिरवला आणि मला एक लाकडी दार दाखवलं. अहो, त्या दारावर पितळेची पानं ठोकलेली होती. ओळीनं. आपलंच पान. शेपूट नाही, कडेला दातरे. आणि त्या ओळीत मधेच एक जागा रिकामी. दोन भोकं, आणि लाकडावर पानाचा गडद ठसा, पावसापाण्यानं न उडालेला.

 मी उठून देव्हाऱ्यातलं पान आणून पडद्यापुढं धरलं. तिनं तोंडावर हात ठेवला. 

मग मोबाईलमधून भाषांतर करत करत बोलणं सुरू झालं. ती बोलायची आणि मोबाईल बाप्याच्या आवाजात मराठी सांगायचा. हसू येत होतं, रडू येत होतं. तिचं नाव यारमिला. तुमचे पणजोबा तांबट होते. वाच्लाव त्यांचं नाव. ऐकताय ना? वाच्लाव. घरात मूल जन्मलं की ते अंगणातल्या झाडाचं पान पितळेत घडवून दारावर ठोकायचे. झाडाला ती लीपा म्हणाली. तेही दाखवलं तिनं, चांगलं डेरेदार झाड आहे, पिंपळासारखंच दिसतं लांबून. जोसेफ धाकटा. बाप गेल्यावर घराच्या वाटणीवरून दोघा भावांत लागलं. मोठ्यानं घर ठेवलं. धाकट्यानं दारावरचं आपलं पान उपटलं आणि चालता झाला. परत कधी आला नाही.

वाटणीवरून भांडण! अहो, मी तिथंच ओळखलं, ही आपली भावकी. तिला तसं म्हणालेसुद्धा. तिला कळलं की नाही कोण जाणे, पण हसली.

घरात सगळे समजून होते की जोसेफ अमेरिकेला गेला. तिच्या नवऱ्याला लहानपणापासून तेच सांगितलेलं. तो त्या मोठ्या भावाचा नातू, म्हणजे तुमचा भाऊबंद. तुमची मेल त्याला आली होती. त्यानं वाचली, कॉम्प्युटरवर पिंपळाचं चित्र काढून बघितलं आणि बायकोला म्हणाला, आपल्याकडं असलं झाड नाही, आणि आपला जोसेफ भारतात गेलाच नाही. मिटवून टाकली. यारमिला म्हणाली, तो मात्र म्हातारपणी दारातून येता-जाता त्या रिकाम्या जागेवर हात ठेवायचा. गेल्या हिवाळ्यात गेला तो.

एक फोटो, अहो. एक फोटो पाठवला असतात तर दोघं म्हातारे समोरासमोर बसून भांडला असतात. घर कुणाचं, चूक कुणाची. तुम्हाला केवढी हौस होती भावकीची! ती भावकी तिकडं दाराला हात लावत होती आणि तुम्ही इकडं तिला लाल फडक्यात गुंडाळून ठेवली होतीत. मी पडद्यापुढं बसून तुमच्या नावानं भडाभडा बोलले. मोबाईलनं त्यातलं किती तिला सांगितलं, देव जाणे. तिचेही डोळे भरले.

मग तिनं जे सांगितलं ते ऐका. फोटो तिला त्याच दिवशी मिळाला होता. नवऱ्याच्या मेलवर आला तो. तिनं तेव्हाच का नाही फोन केला, तर निरोपात दहा दिवस लिहिले होते. तिला वाटलं, सुतकात बोलायचं नसेल. तिनं सुतक धरलं होतं, अहो! केक केला नाही. देवाला फूल नको म्हटलंय म्हणून चर्चमध्येच गेली नाही. मुली आल्या होत्या, त्यांनाही साधी भाकरी आणि सूप घातलं. "दाढीचं तेवढं जमलं नाही," ती म्हणाली, "घरात दाढी असलेलं कुणी राहिलं नाही."

मी रडले त्यावर. शेजारच्या काकूंना जे बघायचं होतं ते सगळं रडले. तुमचं सुतक कुणीतरी धरलं होतं. मी एकटी नव्हते त्या दहा दिवसांत, नुसतं मला माहीत नव्हतं.

मी विचारलं, "आता त्या घरात कुचेरा कोण कोण?" मुली लग्न होऊन गेल्या, त्यांची नावं बदलली. मोठ्या भावाच्या वंशात तिचा नवरा शेवटचा. ती जरा चाचरली. म्हणाली, "तशी मी कुचेरा नाही. मी बाहेरून आलेली. सून आहे या घरची." मग तिनं विचारलं, "आणि तिथं? तिथं कुचेरा कोण आहे?"

मी दम घेतला नाही, विचार केला नाही, खळखळ केली नाही. "म्या हाय," म्हटलं. "आणि तिथं तुमी हायसा. सून झाली म्हणून काय झालं? घर कोण झाडतंय? नाव कोण लावतंय?" मोबाईलनं सांगितलं तिला. तिनं ऐकलं, आणि पदर नव्हता तर स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले. तिच्याही घरात कधीतरी कुणीतरी तिला सणसरची म्हटलं असणार. सगळीकडं तेच.

अहो, तुम्हाला सांगते, रक्ताचं कुणी सापडलं नाही. होतं ते गेलं, तुम्हीही गेलात. वाच्लावच्या दोन्ही पोरांचे वंश शोधून शोधून शेवटी निघाल्या कोण, तर दोन म्हाताऱ्या, दोघी परक्या घरच्या, एकीला दुसरीची भाषा येत नाही. मी तिला सांगितलं, आमच्याकडं अशा दोघींना जावा म्हणतात. ती मोठ्या घरची, म्हणून ती मोठी जाऊ. पाया पडायचं राहिलं, ते पडद्यावरूनच पडले.

तुमच्यामागं कुचेरा कोण, त्याचं उत्तर हे. तुम्ही दिलं नाहीत, मला माझं शोधावं लागलं. आता तरी मान्य करा.

इतक्या वर्षांनी मला सासरचं माणूस मिळालं, आणि तुम्ही घरात नाही. सांगू कुणाला?